मुहूर्ताची चाळणी

"मॅडम, आपल्याकडे आकाश दुपारी बंद असतं का?"

तस्लीमने दारातूनच विचारलं. वैशाखातली भर दुपार होती. खोलीतला कूलर गार वाऱ्याचं नुसतं सोंग करत होता आणि मी डबा उघडून बसले होते. माझी निवृत्ती तोंडावर आलेली. अशा वयात जेवताना कुणी आकाशाबद्दल विचारू नये. पण या मुलीचं बोलणं घास बाजूला ठेवून ऐकण्यासारखं असायचं, म्हणून मी तिला बस म्हटलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पिंपळदऱ्याच्या माळावर आमची रेडिओ दुर्बीण होती. पंचवीस-तीस मोठ्या डिश, सगळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. गावातल्या बायका त्यांना 'सरकारी परड्या' म्हणत. मी तिथे रुजू झाले तेव्हा नोंदी कागदाच्या गुंडाळीवर शाईने उमटायच्या, आणि काही वेगळं आलं की शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्या कागदाभोवती जमायचे. पुढे संगणक आले, कागद गेला, आणि जमणंही गेलं. समित्या तेवढ्या वाढल्या.

तस्लीम मुलाणी माझी शेवटची विद्यार्थिनी. करमाळ्याची. वडील दस्तगीर मास्तर, त्या भागातला नावाजलेला ब्रास बँड त्यांचा. मुलाखतीच्या दिवशी समितीतल्या एका विद्वानाने तिला जरा चढ्या आवाजात विचारलं होतं की एफआरबी म्हणजे काय हे ती साध्या माणसाला कसं सांगेल. एफआरबी म्हणजे दूरच्या एखाद्या दीर्घिकेतून येणारा रेडिओ लहरींचा एकच ठोका. पापणी लवायच्या आत संपतो. तो कशाने होतो याबद्दल तेव्हा जितके शास्त्रज्ञ तितकी मतं होती. तस्लीम म्हणाली, तो कशाने होतो ते मला नाही माहीत, मला त्याच्या वाटेत रस आहे. मग तिने सांगितलं ते मला अजून पाठ आहे.

"अब्बांची पार्टी गर्दीच्या गल्लीतून निघाली ना सर, की ताशेवाली पोरं सटकन निसटून पुढे जातात आणि मोठा ढोल मागे अडकतो. तुम्ही गल्लीच्या पलीकडच्या टोकाला उभे राहा. ताशा आल्यावर किती वेळाने ढोल आला, त्यावरून गल्लीत माणसं किती होती ते कळतं. आत जाऊन डोकी मोजायला नको."

अगदी तसंच असतं. ठोका निघतो तेव्हा उंच आणि खालच्या सगळ्या लहरी एकदम निघतात. दोन दीर्घिकांमधली जागा आपण रिकामी समजतो, पण ती अगदीच रिकामी नसते. खोलीभर जागेत पाच-सात कण, इतकंच. पण एवढ्या लांबच्या वाटेवर तेवढ्यानेही खालच्या लहरी मागे पडतात. त्या किती मागे पडल्या ते मोजलं की वाटेतलं द्रव्य मोजता येतं. हे द्रव्य म्हणजे काही गूढ पदार्थ नव्हे. भाकरीत, दगडात, तुमच्याआमच्यात असतं तेच साधं द्रव्य. विश्वातला त्याचा मोठा वाटा कुठे गेला ते सापडत नव्हतं, आणि तो या मधल्या ओसाडीतच असणार असा सगळ्यांचा कयास होता. नुसत्या कयासाला कोण विचारतो. तस्लीमला मोजमाप करायचं होतं.

अडचण एवढीच की गल्ली किती लांब ते ठाऊक हवं. आदल्या वर्षी तिला एक सुरेख ठोका सापडला होता, पण जागा पुसट होती. आभाळाच्या त्या तुकड्यात चार दीर्घिका, आणि चारांपैकी कुणाच्या घरून तो निघाला ते कळेना. त्याच जागेतून दुसरा ठोका आला आणि आमच्या सगळ्या डिशनी मिळून तो पकडला, तरच घर सापडणार. नाहीतर प्रबंधात 'हे किंवा ते किंवा ते किंवा ते' असं लिहावं लागलं असतं, आणि त्यावर कुणी पदवी देत नाही. तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. एका ज्युनियर कॉलेजने तिला नोकरी देऊ केली होती, आणि घरचे म्हणत होते, आता बास झालं.

त्या दुपारी तिच्या हातात दक्षिणेकडच्या एका देशातल्या छोट्या वेधशाळेचा निरोप होता. आठवड्यापूर्वी दुपारी, त्याच तुकड्यातून त्यांना दुसरा ठोका दिसला होता. त्यांची दुर्बीण लहान, त्यामुळे घर त्यांनाही सापडलं नव्हतं. त्या क्षणी आमच्या सगळ्या डिश बरोबर तिथेच रोखलेल्या होत्या. आणि आमच्या नोंदीत त्या वेळी काहीही नव्हतं. गोंगाट नव्हता, साधी खरखर नव्हती. कोरं.

"मागचं सगळं काढून बघितलं," ती म्हणाली. "मध्येच अशी भोकं आहेत. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. पौषात एकही नाही आणि वैशाखात नुसती जाळी झालीय."

मी डब्याचं झाकण लावलं. भोकं कसली ते मला माहीत होतं.

आमचे संचालक डॉ. निमकर. माणूस हुशार, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. पिंपळदऱ्याच्या फाट्यावर एकापाठोपाठ एक तीन मंगल कार्यालयं उभी राहिली. तिथले जनरेटर, भिंतीएवढे एलईडी पडदे, उडते कॅमेरे, बिनतारी माइक, या सगळ्यांचा रेडिओ गोंगाट आमच्या डिशमध्ये घुसू लागला. कार्यालयवाल्यांना पत्रं पाठवून झाली. एकाने उत्तरादाखल संचालकांना मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. मग निमकरांनी स्वदेशी उपाय काढला. पंचांगातले सगळे लग्नमुहूर्त संगणकाला पढवले. मुहूर्ताची घटका आली की आगेमागे काही वेळाची नोंद संगणकाने आपणहून टाकून द्यायची. नाव, मुहूर्त-चाळणी.

तिचा फार बोलबाला झाला. परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम म्हणून निमकरांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. एका व्याख्यानात त्यांनी आलेख दाखवला होता की चाळणी लावल्यावर एकूण गोंगाट घटला. कशातलंही काही कापून टाकलं की उरलेलं घटतंच, हे टाळ्यांच्या गजरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे सगळं मी तस्लीमला सांगितलं.

"मॅडम, तुमचं लग्न मुहूर्तावर लागलं होतं?"

"माझं नोंदणी पद्धतीने झालं," मी म्हटलं. "तिथे साहेब उशिरा आले."

मग ती हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीचा हात धरून बसली. अब्बा आयुष्यभर लग्नात वाजवतायत, म्हणाली, पण मुहूर्तावर लागलेलं लग्न त्यांनी गोष्टीतसुद्धा ऐकलेलं नाही. मुहूर्ताला नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर असतो आणि त्याचे मित्र ढोलापुढे नाचत असतात. ढोलाला काही वीज लागत नाही. इकडे कार्यालयात वऱ्हाडी पत्रिकेने वारा घेत बसलेले. पडदा बंद, माइक बंद, कारण मालक डिझेल वाचवतो. नवरदेव आत आला की मग जनरेटर सुरू. तोवर तास-दीड तास सहज गेलेला असतो.

हसता हसता ती एकदम थांबली.

"म्हणजे आपण शांत वेळ फेकतोय, आणि गोंगाट सांभाळून ठेवतोय."

 

एक आशा होती. चाळणी लागण्याआधीची कच्ची नोंद काही काळ डिस्कवर राहायची आणि महिनाअखेरीस जागा करायला पुसली जायची. ती उघडायला संचालकांचा हुकूम लागे. महिनाअखेर जवळ आली होती.

मी निमकरांना सरळ जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विषय गंभीर आहे म्हणून समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. तज्ज्ञ सदस्य म्हणून तालुक्यातली लग्नं लावणारे टोळे गुरुजी.

समितीची बैठक झाली. तस्लीमने आलेख मांडायला घेतले. ती दुसऱ्या आलेखावर पोचायच्या आत कुणीतरी शंका काढली की चाळणीत नक्की कुठलं पंचांग भरलं आहे, कारण दोन पंचांगांत काही मुहूर्त वेगळे येतात. त्यावर चर्चा पेटली. अर्धे एका पंचांगाचे, अर्धे दुसऱ्याचे. विज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेली माणसं अधिक मासावरून एकमेकांची उणीदुणी काढू लागली. गुरुजी गप्प बसून भजी खात होते. तस्लीम आलेख हातात धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली.

चहाच्या वेळी मी गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं की तुमच्याकडची लग्नं वेळेवर लागतात का हो.

"मंगलाष्टकं मी वेळेवरच सुरू करतो, बाई," ते म्हणाले. "नवरदेव आलेला नसला तर हळू म्हणतो."

हे समितीपुढे सांगाल का, असं विचारल्यावर त्यांनी बशीतली भजी संपवली आणि म्हणाले, मला कुणी विचारलेलं नाही. त्यांचं बरोबर होतं. समितीत न विचारलेलं सांगायची पद्धत नसते.

शेवटी ठरलं ते असं की विषयाची व्याप्ती पाहता सखोल अभ्यास करावा, आणि वेधशाळेचा रौप्यमहोत्सव पार पडल्यावर पुन्हा बसावं. रौप्यमहोत्सव पुढच्या महिन्यात. मंत्री येणार होते, निमकरांचा चाळणीसाठी पुन्हा सत्कार व्हायचा होता. तोवर डिस्क पुसल्या गेल्या असत्या. तस्लीमने आलेख गुंडाळले. बाहेर व्हरांड्यात मला एवढंच म्हणाली की ज्युनियर कॉलेजला होकार कळवून टाकते, मॅडम. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

चाळीस वर्षं सरकारी संस्थांत काढली की एक गोष्ट कळते. इथे चूक दुरुस्त होत नाही. सुधारणा मात्र होते, आणि तिचं उद्घाटनही होतं.

दुसऱ्या दिवशी मी निमकरांकडे गेले आणि त्यांची माफीच मागितली. म्हटलं, मी विचार केला, तुमच्या चाळणीत काडीचा दोष नाही. चाळणी वेळेवर आहे, समाज उशिरा आहे. एवढ्या नेमक्या यंत्राला या बेशिस्त वऱ्हाडापायी कमीपणा यावा हे मला बघवत नाही. तुम्ही चाळणीची दुसरी आवृत्ती काढा. तिला 'वऱ्हाड-विलंब सुधारणा' म्हणा. मंत्र्यांच्या हातून लोकार्पण करता येईल. तेवढी चाचणीसाठी या महिन्याची कच्ची नोंद उघडावी लागेल, पण ती काय, किरकोळ बाब.

निमकर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जास्त झालं. पण त्यांनी घंटी वाजवली, शिपायाला कागद आणायला सांगितला, आणि हुकूम काढला. वरती चहाही पाजला.

त्याच दुपारी तस्लीमने डिस्क उघडली. मी तिच्यामागे उभी होते. पडद्यावर तो तास आला, मुहूर्ताचा तास. मी नोकरीत असताना पाहिलेली इतकी स्वच्छ नोंद दुसरी नसेल. सगळा फाटा नवरदेवाची वाट बघत होता आणि आमच्यासाठी आभाळ मोकळं झालं होतं. त्या शांततेत वरून खाली उतरत गेलेली एक बाकदार रेघ होती. वरच्या लहरी आधी, खालच्या मागून.

"हा बघा ताशा," तस्लीम बोट फिरवत म्हणाली, "आणि हा ढोल."

पुढे तासाभराने जनरेटर सुरू झाला होता आणि पडदाभर कचरा पडला होता. असला कचरा मात्र चाळणी आल्यापासून सहा वर्षं आम्ही नेमाने जपून ठेवला होता.

घर सापडलं. चारांतली तिसरी दीर्घिका, दिसायला अगदीच साधी. तिचं अंतर काढलं, वाटेतलं आपल्या आकाशगंगेचं देणं वजा केलं, तिच्या स्वतःच्या अंगणातलं वजा केलं, आणि जे उरलं ते मधल्या ओसाडीचं. ते जेवढं असायला हवं म्हणत होते तेवढंच भरलं. एका ठोक्यावरून विश्वाचा हिशेब मिटत नाही, पण त्या एका वाटेवरचा मिटला. तस्लीमने तीनदा मांडून बघितलं. मग तिने अब्बांना फोन केला आणि बाहेर जाऊन बोलत बसली. आत आली तेव्हा डोळे लाल होते.

रौप्यमहोत्सव थाटात झाला. मंत्र्यांनी भाषणात आमच्या दुर्बिणीला शेवटपर्यंत दूरदर्शन केंद्र म्हटलं. चाळणीच्या दुसऱ्या आवृत्तीचं कळ दाबून लोकार्पण झालं. त्या कळीला कसलीही तार जोडलेली नव्हती. निमकरांना शाल मिळाली. निवेदिकेने सांगितलं की याच चाळणीच्या बळावर संस्थेच्या एका मुलीने हरवलेलं द्रव्य शोधलं, आणि त्या मुलीला पुष्पगुच्छ द्यायला बोलावलं. तस्लीमने गुच्छ दिला आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करायची शेवटची मुदत होती. संचालकांची सही घ्यायला आम्ही दोघी त्यांच्या खोलीत गेलो. निमकरांनी पानं उलटली आणि चौथ्या प्रकरणात थांबले. तिथे तिने लिहिलं होतं की हा ठोका ज्या वेळात आला त्या वेळेच्या नोंदी आमची चाळणी सहा वर्षं टाकून देत होती, आणि ती वेळ प्रत्यक्षात शांत असे.

"हे वाक्य बदल," ते म्हणाले. "'सुधारित चाळणीमुळे हा ठोका सापडला' असं लिही. काल सगळ्यांसमोर सांगितलंय."

"सर, तो चाळणीमुळे हरवला होता."

"अर्थ एकच आहे गं."

"नाही सर. उद्या कुणी जुन्या नोंदी उघडेल, त्यात या वेळी काही दिसणार नाही. तो म्हणेल, तिथून काही आलंच नव्हतं. त्याला कळायला हवं की आपण बघितलंच नव्हतं."

निमकरांनी पेनचं टोपण लावलं. मग सही होणार नाही, असं ते बोलले नाहीत, पण टोपणाचा आवाज झाला. मी मधला काही मार्ग सुचवायला तोंड उघडलं. नोकरीभर मी तेच केलं होतं, आणि महिन्याभरापूर्वीच ते चांगलं फळलंही होतं. तस्लीमने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"बदलायचं नसेल तर?" निमकरांनी विचारलं.

"तर मी करमाळ्याला जाईन सर. कॉलेजवाले अजून थांबलेत."

ती हे धमकीच्या सुरात बोलली नाही. एसटी किती वाजताची आहे हे सांगावं तसं बोलली. प्रबंध टेबलावरच होता आणि ती तो उचलून घ्यायला वाकली होती.

"ठेव," निमकर म्हणाले.

मग ते खिडकीकडे वळले.

"माझं स्वतःचं लग्न पावणेदोन तास उशिरा लागलं," ते म्हणाले. "आमच्या मामांची जीप घाटात बंद पडली. सासरे हार हातात घेऊन उभे राहून राहून शेवटी पायरीवर बसले. आणि अल्बमच्या पहिल्या पानावर वेळ लिहिलीय ती मुहूर्ताची. पत्नीने स्वतःच्या हाताने लिहिली."

त्यांनी प्रबंध पुन्हा पुढे ओढला.

"चाळणीच्या पहिल्याच वर्षी दिसलं होतं मला. आलेख काढला तेव्हाच. पण तोवर शाल अंगावर पडली होती."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? जो तो अभिनंदन करत होता. आणि सबनीसबाई, तुम्हाला काय वाटतं, त्या दिवशी तुमची ती वऱ्हाड-विलंब सुधारणा ऐकून मी हुरळून गेलो? मी फक्त म्हटलं, चला, कुणीतरी एकदाचं दार उघडलं."

त्यांनी तस्लीमकडे बघून हळूच विचारलं की सहा वर्षांत असे किती गेले असतील.

"नाही सांगता येणार सर," ती म्हणाली. "डिस्क पुसल्या गेल्यात."

निमकरांनी मान हलवली. पेनचं टोपण काढलं, ते वाक्य आणखी एकदा वाचलं, त्यात एका अक्षराचाही बदल न करता पान उलटलं आणि शेवटच्या पानावर सही केली. सही ठसठशीत होती.

तारीख मात्र त्यांनी समारंभाच्या आदल्या दिवसाची घातली, दुसरी शाल अंगावर पडायच्या आधीची.